कौल, कर आणि कागद : सोलापुरातल्या छोट्या धंद्याच्या परवान्याची गोष्ट

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. भुईकोट किल्ल्यावर बोलायचं म्हटलं की लोक कान टवकारतात, मार्शल लॉवर बोलायचं म्हटलं की सोलापूरकराची मान ताठ होते. पण दुकानाचं लायसन, शॉप ॲक्ट, महापालिकेचा दाखला यांचा इतिहास म्हटलं की लोक म्हणतात, त्याला कसला आलाय इतिहास? एजंटाकडे जायचं, पैसे द्यायचे, कागद घ्यायचा. पण हा कागद आला कुठून, तो कुणी, कुणासाठी आणि कशाच्या भीतीने काढला, हे बघायला लागलं की या शहराचा दोनशे वर्षांचा इतिहास त्यातून दिसायला लागतो. आज तेवढंच करायचं आहे.

सुरुवात शब्दांपासून करू. परवाना फारसीतून आला. दाखला, सनद आणि कौल अरबीतून फारसीमार्गे आले. मक्ताही त्याच वाटेने आला. लायसन इंग्रजांनी दिलं. एकाच गोष्टीला इतके शब्द असतील असं वाटतं, पण ती एकच गोष्ट नाही. कौल म्हणजे राजाने दिलेलं वचन. सनद म्हणजे दिलेला हक्क. मक्ता म्हणजे पैसे भरून विकत घेतलेला हक्क. आणि लायसन म्हणजे, मुळात सगळं बंद आहे, तुझ्यापुरतं उघडतो, असं सांगणारा कागद. आज महापालिकेच्या खिडकीवर जो अर्ज भरला जातो त्यात हे चारही अर्थ एकमेकांत गुंतलेले आहेत. अर्जदार वैतागतो त्याचं अर्धं कारण हेच.

कौलापासून बघू. मराठेशाहीत नवी पेठ वसवायची झाली तर सरकार व्यापाऱ्याला, उदम्याला, कोष्ट्याला, तेल्याला कौल देई. या, घरं बांधा, दुकानं मांडा, अमुक वर्षं तुमच्याकडून मोहतर्फा घेणार नाही, वेठबिगार लावणार नाही. मोहतर्फा म्हणजे धंद्यावरचा कर : दुकानावर, मागावर, घाण्यावर. पेठेचे शेटे-महाजन वतनदार असत. माप, वजन, भांडण, नव्या माणसाला जागा हे सगळं ते पाहत. म्हणजे धंदा सुरू करणाऱ्याला सरकारदरबारी खेटे घालावे लागत नव्हते, उलट सरकारच त्याच्या मागे होतं. फार हळवं व्हायचं कारण नाही बरं का. माफीची मुदत संपली की वसुली सुरू होई, शेट्याचा हक्क वेगळा, महाजनाचा वेगळा, आणि जातीबाहेरचा धंदा करू म्हणणाऱ्याला कौल कोण देणार? त्या काळी परवाना कागदावर नव्हता तरी जन्मावर होता. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : धंदा करणारा माणूस ही गावाची गरज आहे, असं धरून चालायची पद्धत आपल्याकडे होती.

मे १८१८ मध्ये सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. पुढची पंचवीस वर्षं मोहतर्फा आणि गावोगावच्या जकाती जुन्याच राहिल्या. मग १८४४ चा १९ वा कायदा आला आणि मुंबई इलाख्यातल्या गावजकाती आणि धंद्या-पेशांवरचे सगळे कर एका फटक्यात रद्द झाले. आजच्या कुठल्याही व्यापारी मंडळाला हेवा वाटावा असा हा कायदा आहे. पण सरकार एका हाताने सोडतं तेव्हा दुसरा हात कुठे आहे ते पाहावं. धंद्यावरचा कर सोडला तरी मिठाचा होताच, अफू आणि दारूचा होताच. शिवाय सहा वर्षांतच १८५० चा २६ वा कायदा आला. गावातल्या लोकांनी मागणी केली तर तिथे नगरपालिका स्थापन करता येईल, असा तो कायदा. देशात इतरत्र त्याचा फारसा वापर झाला नाही, मुंबई इलाख्यात मात्र झाला. सोलापूरची नगरपालिका त्याच कायद्याखाली, १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला उभी राहिली. शहराच्या वेशीवर पालिकेची जकात आली. म्हणजे इलाखा सरकारने सोडलेली जकात गावाने पुन्हा लावली, फक्त आता ती रस्ते, दिवाबत्ती आणि झाडलोटीसाठी होती.

१८६० मध्ये रेल्वे सोलापुरात पोहोचली आणि गावाचं रूप पालटलं. कापूस, गळिताची धान्यं, सूत यांचा व्यापार वाढला. तेलंगणातून पद्मशाली विणकर येत होतेच, ते आणखी आले. साखर पेठेकडचा पूर्व भाग मागांच्या आवाजाने भरू लागला. हे सगळे लोक आले तेव्हा त्यांनी कुठला परवाना काढला? कुठलाच नाही. माग घातला, सूत आणलं, लुगडं विणलं, बाजारात नेलं.

आता येतो तो भाग ज्याच्यासाठी आम्ही हा विषय घेतला. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ. दख्खनच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांना त्याचा जबर फटका बसला आणि सोलापूर त्यात अगदी पुढे होतं. पीक गेलं की पहिलं शेतकऱ्याचं मरण, हे सगळ्यांना कळतं. दुसरं मरण विणकराचं. शेतकरी लुगडं घेत नाही, मग मागावर धूळ बसते. दुष्काळी कामांवर खडी फोडायला नाजूक हाताचे विणकर गेले. याच वर्षांत, १८७७ मध्ये, शहरात सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली, जिला आपण जुनी मिल म्हणतो. उपाशी शहरात कामगार स्वस्त मिळतो, हे वेगळं सांगायला नको.

सरकारने दुष्काळावर खर्च केला होता आणि पुढच्या दुष्काळासाठी गंगाजळी हवी होती. ती कुठून आणायची? व्हाइसरॉयच्या मंडळातले अर्थमंत्री सर जॉन स्ट्रेची यांनी हिशेब मांडला : शेतकरी सारा देतो, जमीनदार कर देतो, व्यापारी आणि कारागीर मात्र काहीच देत नाही. म्हणून १८७८ मध्ये धंद्यावर लायसन टॅक्स आला. मुंबई इलाख्यासाठी त्याचा स्वतंत्र कायदा झाला. नाव बघा : लायसन. पण या लायसनात तपासणी कसलीच नव्हती. तुमचं दुकान स्वच्छ आहे का, तेल भेसळीचं आहे का, कुणी विचारत नव्हतं. पैसे भरा आणि पावती घ्या. पावतीचं नाव परवाना. म्हणजे चौतीस वर्षांपूर्वी रद्द झालेला मोहतर्फा नवा सदरा घालून परत आला.

आणि तो कुणावर आला? मोठ्या सावकारावर आला तसाच तो लहान वाण्यावर, तेल्यावर, शिंप्यावर, सोनारावर आला. साहेबाच्या पगारावर तो नव्हता, वकिलाच्या फीवरही नव्हता. एप्रिल १८७८ मध्ये सुरतेच्या दुकानदारांनी दुकानं बंद ठेवली, दंगल झाली, गोळीबार झाला. दोन वर्षांनी सरकारने पाचशे रुपयांच्या आतल्या उत्पन्नाला सूट दिली आणि १८८६ मध्ये हा सगळा प्रकार प्राप्तिकरात विरघळून गेला. सूट मिळाली ती छोट्या माणसाच्या दयेपोटी नव्हे. लहान लहान लोकांकडून आणे-रुपये गोळा करण्यात त्रास फार आणि हाती येतं थोडं, हे अंमलदारांच्या ध्यानात आलं. आमच्या मते परवान्यांच्या साऱ्या इतिहासात छोट्या धंदेवाल्याची सुटका बहुतेक वेळा अशीच झाली आहे : तो गोळा करायला परवडत नाही म्हणून.

यानंतरचा टप्पा नगरपालिकांच्या कायद्यांचा. १८७३, १८८४, १९०१, मग १९२५ चा बरो म्युनिसिपालिटीचा कायदा. यांत परवान्याला तिसराच अर्थ येतो. घाण, धूर, दुर्गंधी, आग. चरबी वितळवणं, साबण करणं, कातडी कमावणं, विटा आणि चुन्याची भट्टी, आणि आपल्या शहराच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे रंगारीकाम. हे धंदे वस्तीत करायचे तर पालिकेची परवानगी हवी. सोलापुरी लुगड्याचा रंग म्हणजे रंगाचं पाणी, आणि रंगाचं पाणी म्हणजे शेजाऱ्याची तक्रार. इथे परवाना शेजाऱ्याच्या बाजूने उभा आहे, हे आपण विसरतो. सरकारला पैसे हवेत म्हणून नाही, विहिरीत रंग उतरू नये म्हणून. प्लेगच्या वर्षांत या कलमांना मोठी धार आली आणि त्याबरोबर तपासनीसाच्या हातातही. घाण कुठे आहे हे ठरवणारा माणूस बहुतेकदा चर्मकाराच्या, रंगाऱ्याच्या गल्लीत जाई, पेढीवाल्याच्या वाड्यात नाही.

आणि चौथा अर्थ, मक्त्याचा. १८७८ च्याच मुंबई अबकारी कायद्याने शिंदीच्या झाडावर सरकारचा हक्क आला. झाड तुमच्या बांधावरचं, पण छेद द्यायचा तर परवाना, विकायची तर दुकानाचा लिलाव. सोलापूरकराला शिंदीच्या झाडांबद्दल सांगायला नको. ८ मे १९३० रोजी रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला लोक गेले, धरपकड झाली, गोळीबार झाला, शंकर शिवदारे पडले. पुढे मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी. आपण हा इतिहास स्वातंत्र्याचा म्हणून वाचतो आणि तो तसा आहेच. पण लोकांनी कुऱ्हाड घातली ती कशावर, याकडेही बघा. ती झाडं म्हणजे सरकारी परवान्याची जिवंत खूण होती.

त्याच दशकाच्या शेवटी मुंबई प्रांतात एक निराळा कायदा झाला. १९३९ चा दुकाने आणि आस्थापनांचा कायदा. देशातला अशा प्रकारचा हा पहिला. तो मालकासाठी नव्हता हो! दुकानात पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत राबणारा पोऱ्या, हिशेब लिहिणारा कारकून, हॉटेलातला वेटर, यांना तास ठरवून मिळावेत, आठवड्याची सुट्टी मिळावी, यासाठी तो होता. १९४८ मध्ये त्याचा मोठा, सुधारलेला अवतार आला. दुकानाची नोंदणी कशासाठी? तर निरीक्षकाला कळावं की इथे नोकर आहेत, त्यांचे तास तपासायचे आहेत.

आणि पुढे काय झालं बघा. मुंबईकडे या दाखल्याला लोक गुमास्ता म्हणतात. गुमास्ता म्हणजे नोकर, कारकून. नोकराच्या रक्षणासाठी काढलेला कागद नोकराच्याच नावाने ओळखला जाऊ लागला, पण लटकला मालकाच्या भिंतीवर, फ्रेममध्ये, लक्ष्मीच्या फोटोशेजारी. सोलापुरात आपण शॉप ॲक्ट म्हणतो, पण गोष्ट तीच. ज्याच्या दुकानात एकही नोकर नाही तोही शॉप ॲक्ट काढतो. का? बँकेत चालू खातं उघडायला तो लागतो. कर्जाला लागतो. विजेचं व्यापारी मीटर घ्यायला विचारतात. कायद्याचा मूळ हेतू एकीकडे राहिला आणि कागद मात्र या माणसाचा धंदा खरा आहे याची साक्ष बनला. आम्हाला वाटतं, आपल्याकडच्या छोट्या धंद्याच्या इतिहासातली ही सगळ्यात बोलकी उलथापालथ आहे. निरीक्षकाने येऊ नये असं वाटत असतानाही माणसं रांग लावून स्वतःहून नोंदणी करत होती, कारण त्यांना कुणीतरी तुम्ही दुकानदार आहात असं लिहून द्यायला हवं होतं.

मग युद्ध. १९४३ मध्ये कापड आणि सुतावर नियंत्रण आलं. विणकराच्या दृष्टीने हे लायसन टॅक्सपेक्षा मोठं संकट होतं. सूत परवान्यावर. ज्याच्याकडे सुताचा कोटा त्याचा माग चालू. ज्याच्याकडे नाही त्याने काळ्या बाजारात जावं किंवा माग उभा ठेवावा. जानेवारी १९४८ मध्ये नियंत्रण उठवलं, भाव भडकले आणि त्याच वर्षी ते परत बसवलं. त्या वर्षीच्या कापूस-वस्त्र नियंत्रण आदेशाने नवा माग बसवायलाही परवानगी लागू लागली. यंत्रमाग आता नुसतं यंत्र राहिलं नाही, त्याला परवान्याचा कागद चिकटला; आणि ज्या वस्तूला कागद चिकटतो त्या कागदाची स्वतंत्र किंमत तयार होते.

जुन्या मिलचं उदाहरण छोट्या धंद्याचं नाही, पण ते टाळता येत नाही. १९४९ च्या ऑगस्टमध्ये मिल बंद पडली, जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून कारभार ताब्यात घेतला, एका भागधारकाने नव्या राज्यघटनेचा आधार घेत सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि डिसेंबर १९५० मध्ये ते फेटाळलं गेलं. देशभरातल्या कायद्याच्या वर्गांत हा खटला आजही शिकवतात. धंदा सुरू करायला परवानगी लागते हे माहीत होतं. बंद करणं हीसुद्धा मालकाची खासगी बाब नाही, हे सोलापूरच्या गिरणीने देशाला दाखवलं.

आता यंत्रमागांकडे. १९५० पासून सरकारचं धोरण हातमागाला वाचवायचं होतं. काही माल फक्त हातमागावरच काढायचा, यंत्रमागावर नाही. १९५४ मध्ये कानुनगो समितीने उलट सूर लावला की हातमाग हळूहळू यंत्रमागात बदलावेत. सरकारला ते पचलं नाही. कागदावर यंत्रमाग वाढायला नको होते, गल्लीत ते वाढत होते. सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी सगळीकडे हेच. १९६४ ची अशोक मेहता समिती बसली तोवर विनापरवाना मागांचा प्रश्न देशव्यापी झाला होता. मग काय करायचं? हजारो माग मोडायचे? ते शक्य नव्हतं. ठरावीक काळाने बेकायदा माग नियमित करायचे, दंड किंवा शुल्क घ्यायचं, आणि पुढे पुन्हा तेच. १९८५ मध्ये हातमागासाठी २२ प्रकार राखून ठेवणारा कायदा झाला. यंत्रमागवाले न्यायालयात गेले. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. दरम्यान सोलापुरी चादर आणि टॉवेल जगभर गेले. चादरीला पुढे भौगोलिक मानांकनही मिळालं. सरकारच्या एका खात्याने ज्या वाढीकडे कपाळाला आठ्या घालून पाहिलं तिलाच दुसऱ्या खात्याने सन्मानाचं प्रमाणपत्र दिलं, असं थोडं खोडसाळपणे म्हणता येईल.

यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. १९४८ च्या कारखाना कायद्याची रेघ होती : वीज वापरत असाल तर दहा कामगार, नसाल तर वीस. या रेघेच्या वर गेलात की कारखाना. खाली राहिलात की कारखाना नाही. म्हणून शेड एक, पण नावं तीन. भावाच्या नावाने चार माग, बायकोच्या नावाने चार, मुलाच्या नावाने चार. धंदा वाढला तरी मोठा होत नाही, फुटत जातो. परवाना चुकवण्यासाठी माणूस लहान राहतो, आणि लहान राहिला की त्याला मोठं कर्ज नाही, नवं यंत्र नाही. कामगाराचं तर विचारूच नका.

विडीचंही तसंच. १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा म्हणत असे, जिथे मालक विड्या वळून घेतो त्या जागेला परवाना हवा. तास, हवा, उजेड, पाळणाघर, सगळं त्यात होतं. पण परवाना जागेला होता. काम बाईच्या घरी गेलं की घराला परवाना नव्हता. पूर्व भागात, कुंभारीत, घराच्या उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन पानं कापणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. तंबाखू-पानं कारखान्यातून आणायची, घरी वळायची, परत नेऊन द्यायची. आता हे खरं की त्याच कायद्याने घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं, ही मोठी जमेची बाजू. त्यावरच पुढे ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधी, १९७६ चा कल्याण निधी आणि घरकुलांच्या चळवळी उभ्या राहिल्या. पण कारखान्यातल्या उजेडाची आणि पाळणाघराची कलमं तिच्या खोलीपर्यंत पोहोचली नाहीत.

१ मे १९६४ ला सोलापूरची महानगरपालिका झाली आणि १९४९ चा प्रांतिक महापालिका कायदा इथे लागू झाला. त्यातली दोन कलमं धंदेवाल्याच्या कामाची. ३१३ : नवा कारखाना, कार्यशाळा उभारायला आयुक्तांची परवानगी. ३७६ : विशिष्ट वस्तू साठवणं आणि विशिष्ट धंदे करणं यांना परवाना. नीट बघितलं तर ही जुन्या १९०१ च्या कायद्यातलीच धूर-आग-दुर्गंधी आहे, फक्त यादी लांबलेली. त्यानंतर १९७५ मध्ये राज्याचा व्यवसाय कर आला. घटनेच्या २७६ व्या कलमात त्याची मर्यादा वर्षाला २५० रुपये होती, १९८८ मध्ये ती २५०० झाली. मोहतर्फा तिसऱ्यांदा परत आला, असं आम्ही गमतीने म्हणतो.

म्हणून १९९१ बद्दल बोलताना जपून बोलावं. लायसन्स राज संपलं, असं सगळे म्हणतात. संपलं ते १९५१ च्या उद्योग कायद्याचं, दिल्लीहून मिळणारं औद्योगिक लायसन. सोलापुरातच जन्मलेल्या वालचंद हिराचंदांसारख्यांनी त्याच्याही आधी मोटार आणि विमानासाठी दिल्लीशी जे झगडे केले त्यांची ती जात. छोट्या उद्योगाला ते लायसन बहुतेक लागतच नव्हतं. त्यामुळे २४ जुलै १९९१ ला वर्तमानपत्रांत जे मोकळं झालं, त्याने इंद्रभुवनातल्या खिडकीवरच्या रांगेला काहीच फरक पडला नाही. तिथला कागद १९०१ चा, १९३९ चा आणि १८७८ चा होता. त्याचा नंबर लागायला आणखी पंचवीस वर्षं गेली.

२०१७ च्या राज्याच्या नव्या दुकान कायद्याने १९ डिसेंबरपासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांची नोंदणीच काढून टाकली. नुसती ऑनलाइन सूचना द्यायची, पावती मिळते. परवानगी मागायची नाही, कळवायचं. तत्त्व म्हणून हा बदल फार मोठा आहे. व्यवहारात काय झालं? लोकांनी त्या पावतीलाच लायसन म्हणायला सुरुवात केली, ती लॅमिनेट केली आणि लक्ष्मीच्या फोटोशेजारी लावली. कागदाची भूक सरकारला होती तेवढीच आपल्यालाही होती, हे त्यावरून कळतं.

आज शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकणाऱ्या एखाद्या बचत गटाचं उदाहरण घ्या. खलबत्ता, शेंगा, तिखट, मीठ, भांडवल थोडं. पण खाण्याचा पदार्थ, म्हणून अन्नसुरक्षा. २००६ चा कायदा, २०११ चे नियम : त्या नियमांत वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर परवाना नव्हता, नोंदणी होती, वर्षाला शंभर रुपये. पुडीवर वजन, तारीख, नोंदणी क्रमांक. उद्यम नोंदणी जुलै २०२० पासून, फुकट, आधारवर. हे सगळं घरी बसून होतं, एजंटाशिवाय होतं, आणि तरी एजंट आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदतीत सेवा न मिळाल्यास अपील करता येतं, हेही किती जणांना सांगितलं गेलंय? फी शंभर रुपये आणि ती भरून देण्याचे हजार, हा हिशेब १८७८ मध्येही लहान वाण्याला नवा नसावा.

हातगाडीवाल्यांची कथा आणखी वेगळी. नवी पेठ, मधला मारुती इथे रस्त्यावर विकणारा माणूस शंभर वर्षं एकतर मेहरबानीवर जगला किंवा दंडावर. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने पहिल्यांदा म्हटलं की याचा हक्क आहे. पाहणी करा, प्रमाणपत्र द्या, नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्याच असू द्या. पाहणी पुरी होईपर्यंत हटवू नका. हा कायदा वाचताना आम्हाला जुना कौल आठवतो. माणूस आहे, त्याला जागा द्या, असं म्हणणारा परवाना. आणि २०२० मध्ये टाळेबंदीनंतर दहा हजारांचं कर्ज द्यायची वेळ आली तेव्हा बँकेने विचारलं काय? प्रमाणपत्र, नाहीतर पालिकेचं शिफारसपत्र. पुन्हा कागदच.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, मग हे सगळं काढूनच टाका ना. त्याला उत्तर द्यायला फार मागे जावं लागत नाही. १८ मे २०२५ ची पहाट. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ माणसं गेली. मालक गेले, त्यांच्या घरातली माणसं गेली, अगदी तान्हं लेकरू गेलं, कामगाराचं कुटुंब गेलं. खाली सूत, वर संसार. ही व्यवस्था त्या एका आवारापुरती नव्हती. मागाखाली झोपणं ही पूर्व भागाची चार पिढ्यांची रीत आहे. जागा परवडत नाही, राखणही होते, पाळी रात्रीची असते. राज्याचा अग्निप्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. तो म्हणतो, मालकाने परवानाधारक संस्थेकडून आगीची यंत्रणा तपासून घ्यावी आणि दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, ती चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं. आगीचा परवाना हा १९०१ च्या त्या धूर-दुर्गंधीवाल्या कुळातला आहे. तो कराचा नाही, मक्त्याचा नाही, बँकेसाठी नाही. पण तो मिळतो त्याच खिडकीवर, त्याच रांगेत, त्याच एजंटाच्या हातून, आणि म्हणून माणूस त्याच्याकडेही त्याच नजरेने बघतो : आणखी एक कागद, आणखी थोडे पैसे. दीडशे वर्षं ज्याने पावतीलाच परवाना म्हणायला शिकवलं, त्याला आता या एका परवान्यात जीव आहे हे पटवून द्यायचं आहे.

कारखाना आणि रहिवास एकत्र असलेल्या घरांचं काय करायचं, हा आज शहरापुढचा उघडा प्रश्न आहे. राहायला बंदी घातली तर ती माणसं झोपायला जातील कुठे, हे सांगितल्याशिवाय ती बंदी १९६४ च्या मागांसारखीच कागदावर राहील. वेगळं बाहेर पडायचं दार, जिना मोकळा ठेवणं, सूत आणि स्वयंपाक यांच्यात भिंत, एवढ्या तीन गोष्टींपुरती साधी तपासणी फी न घेता करता येते का, यावर यंत्रमागधारक, कामगार संघटना आणि महापालिका यांनी एकत्र बसायला हवं, असं आमचं मत आहे. फी नको म्हणतो ते मुद्दाम : पैसे घेतले की लोक त्याला कर समजतात.

पूर्व भागातल्या काही श्रोत्यांनी घरातल्या मागांची वीजजोडणी आणि शॉप ॲक्टच्या पावतीबद्दल प्रश्न लिहून पाठवले आहेत. ते आता घेऊ.